गाडीखाली आधी कोहळं

"जॅक उचलतो. जॅक धरत नाही."

आमच्या घरमालकाचं हे बोलणं इथं हिंदी मुलखात, गुढियारीतल्या आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या पोट्ट्यायलेही पाठ झालं होतं. कोणी कोणाची खोटी तारीफ करून राहिला की लोक हसून म्हणत, "उचलून राहिला बे तुले, धरणार नाई!"

मी त्याले तोंडावर बाबूजी म्हणतो, पाठीमागं 'तो' म्हणतो. इथं पाठीमागंच लिहून राहिलो, म्हणून तोच राहू द्या. मी चौथीपर्यंत शिकलो. बीरगांवच्या बाजूच्या रोलिंग मिलमध्ये तापलेलं लोखंड ओढण्यात जवानी गेली. मले मानपान लिहिता येत नाही. जसं होतं तसं लिहितो.

तो विम्याच्या कचेरीत बाबू होता. त्याच्या टेबलावर फक्त दाव्याच्या फायली येत. कोण कसा मेला, कोणाचा हात कशात गेला, कोणावर काय पडलं, हे वाचता वाचता त्याचे केस पिकले. म्हणून त्याले जगातली कोणतीच वस्तू सरळ दिसत नव्हती. शिडी दिसली की म्हणे, "एक माणूस होता." बस, एवढ्यात आपण समजून घ्यावं की तो माणूस आता नाही. ओली मोरी, सायकलवर बांधलेला सिलिंडर, लग्नाचा मांडव, गच्चीवर वाळत घातलेली पापडं, सगळ्यासाठी त्याच्याजवळ एक माणूस होता. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "भाऊजी, तुमच्या हापिसात कोनी म्हातारा होऊन, खाटेवर, आरामात नाई मेला का?"

तो खरंच विचारात पडला. मंग म्हणे, "मेले असतील. त्यांच्या फायली दुसऱ्या टेबलावर जात."

अशा माणसानं रिटायर झाल्यावर काय घ्यावं? त्यानं अँबेसिडर घेतली. सरकारी लिलावातली, पांढरी, छतावर लाल दिव्याचं भोक पत्रा ठोकून बुजवलेलं. पोरीनं डोक्याले हात लावला. तो म्हणे, "जन्मभर हिचं दार उघडणारे पाहिले, आत बसणारे पाहिले. आता मीच दार उघडणार आणि मीच बसणार." पण गाडी रस्त्यावर कमी अन् अंगणात टांगलेली जास्त. आज ब्रेक, उद्या कमानी, परवा खालून तेल टपकते. मिस्त्री लोक सुरुवातीले येत. मंग येईनासे झाले, कारण त्याच्या अंगणात काम करायचं तर त्याच्या नियमानं.

त्याचे नियम ऐकाच. आमचं अंगण मुरुमाचं. वरून कडक दिसते, पण जॅकचं बूड लहान असते, वजन आलं की रुतते अन् जॅक तिरपा होते. म्हणून जॅकखाली आधी जाड फळी. पहिल्या वेळी फळी नव्हती तर तो आमच्या खोलीत आला अन् बायकोले म्हणे, "वहिनी, दहा मिनिटं पोळपाट द्या." तिनं दिला. तिले वाटलं पोळ्या लाटून राहिला बिचारा एकटा माणूस. पोळपाट परत आला तर मधोमध गोल खड्डा. मंग कित्येक महिने आमच्या घरच्या पोळीवर जॅकचा शिक्का उठत होता. ती मले वाढताना म्हणे, "घ्या, सरकारी पोळी."

फळी झाली की दगड. मागची बाजू उचलायची तर पुढच्या दोन्ही चाकायले मागून-पुढून दगड, कारण या गाडीचा हँडब्रेक अन् गिअर, दोघंही मागच्याच चाकाले धरतात. मागचं चाक हवेत गेलं की ते दोघं कामाचे नाहीत, गाडी नुसती दगडाच्या भरवशावर. चाकाचे नट जमिनीवरच ढिले करून घ्यायचे, टांगल्यावर पाना मारायचा नाही, धक्का बसते. मंग जॅक. मंग एक्सलखाली दोन लोखंडी घोड्या, तीन-तीन पायाच्या, बाजूले सरईच्या लाकडाचे ठोकळे, आडवा एक उभा एक असे रचलेले. काढलेलं चाक भिंतीले टेकवायचं नाही, गाडीच्या पोटाखाली आडवं टाकायचं. सगळ्यानं धोका दिला तरी चाक धोका देणार नाही, असं त्याचं म्हणणं. एवढं झालं की तो गाडीले कुल्ल्यानं धक्का देई. बाजूनं, मागून, पुढून. धोतरातला म्हातारा असा कंबर मारून राहिला की पाऱ्यातल्या बाया तोंडाले पदर लावत.

अन् एवढ्यावरही तो गाडीखाली जात नव्हता. आधी कोहळं जात होतं.

बाजारातून चांगलं डोक्याएवढं लाल कोहळं, म्हणजे लाल भोपळा, आणे. ते गाडीखाली, जिथं त्याचं डोकं येणार बरोबर तिथं ठेवे, आणखी एकदा कंबर मारे, अन् स्वतः ओसरीवर बसून एक पूर्ण चहा पिई. कोहळं साबूत राहिलं की मंग काढून आमच्या खोलीत धाडे अन् आपण खाली जाई. संध्याकाळी दोन्ही घरी कोहळ्याची भाजी.

आता आपल्याकडं नव्या गाडीसमोर कोहळं फोडणारे लोक आहेत. शेजारच्या बाईनं पाह्यलं अन् साऱ्या पाऱ्यात सांगतलं की बाबूजी गाडीची नजर उतरवते. त्याले हे कळलं तेव्हा तो असा चिडला की विचारू नका. घरात बाबासाहेबाचा फोटो, बुद्धाची मूर्ती, आयुष्यभर धागादोरा न बांधलेला माणूस. तो त्या बाईच्या दारात जाऊन उभा राहिला. "दीदी, हा अंधश्रद्धेचा कोहळा नाही. हा विम्याचा कोहळा आहे."

ती म्हणे, "हव बाबूजी, पर थोकन हल्दी-कुंकू घलो लगा देते।" म्हणजे थोडं हळद-कुंकूही लावून द्या.

शेवटचा नियम माणसाचा. गाडीखाली कोणी असलं तर बाहेर एक जण बसलेला पाह्यजे. फोन पाहणारा नाही, मधेच उठून पान खायले जाणारा नाही. नुसता बसणारा. अन् अधूनमधून हाक मारणारा.

हे काम माझ्या बायकोनं घेतलं. तिले तसंही लाल भाजी निवडाले, तांदळातले खडे काढाले कुठंतरी बसायचंच होतं, तर गाडीजवळ बसे. आत हा ठकठक करे, बाहेर ती सुपात हात फिरवे. अन् थोडा वेळ ठकठक बंद झाली की साऱ्या गल्लीले ऐकू जाईल असं ओरडे, "भाऊजी, जित्ते हाव का?"

खालून आवाज येई, "हव!"

"मंग बोलत काहून नाई?"

"वहिनी, तोंडात नट धरला आहे!"

"एक मानूस होता," ती म्हणे, "नट गिळला त्यानं."

मी पाळीहून येत असे तेव्हा हा तमाशा चालू असे. मले राग येई. मी म्हणे, घरचा माणूस थकून आला, अन् ही दुसऱ्याच्या गाडीले राखण. ती म्हणे, "तुमी बी गाडीखाली झोपत जा, तुमाले बी हाक मारीन."

दरवर्षी दसऱ्याले नागपूरले जायचं, हे त्याचं जुनं खूळ. त्याचा बाप त्याले खांद्यावर बसवून गर्दीच्या गाडीत उभ्यानं दीक्षाभूमीले नेत होता. आपण आपल्या गाडीनं, आपल्या हातानं चालवत जायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. माझ्या बायकोले त्यानं मागची खिडकीची जागा देऊन ठेवली होती. तिनं निळ्या काठाची पांढरी साडी घेऊन ठेवली होती. दर दसऱ्याले गाडी घोडीवर असे अन् हे दोघं रेल्वेनं जात, भांडत, मले घेऊन.

मंग एका उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणली ते चादरीत. याहून जास्त मले लिहिता येत नाही.

त्या दिवशी मागचं डावं चाक निघालेलं होतं, ब्रेकचं काम अर्धं. तिच्या मातीहून आल्यावर त्यानं चाक लावलं, गाडी जमिनीवर उतरवली, घोड्या अन् ठोकळे कोठीत ठेवून कुलूप लावलं. बाहेर बसणारं माणूस नाही, तर खाली जाणं नाही. मी माझ्या खोलीत, तो ओसरीवर, गाडी मधात. तिघंही बंद.

मंग त्याची पोरगी आली. ती पंडरीकडं राहते, नवऱ्याचं कपड्याचं दुकान आहे. पोरगी चांगली आहे, पण बापावर गेलेली, नियम लावते. तिनं सांगतलं, "पापा, दशहरे तक गाड़ी नागपुर जाके आ गई तो रहेगी। नहीं तो मैं कबाड़ी को बुलाऊँगी और आप मेरे साथ फ्लैट में चलोगे।" मराठी तिले समजते सारी, पण बोलते हिंदीच.

गाडी गेली तर हा माणूस जाणार, हे मले खोलीत बसल्या बसल्या समजलं. त्याची अर्धी जिंदगी तिच्या पोटाखाली होती. पण मी उठलो नाही. मले कोणत्याच गोष्टीसाठी उठावंसं वाटत नव्हतं.

पावसाळा सरता सरता त्याचा जावई एका रविवारी सकाळीच आला. माणूस मनाचा साफ, सासऱ्याची गाडी वाचावी म्हणूनच आला, पण घाईचा. घरमालक विहारात गेला होता. कोठीले कुलूप. जावयानं घराच्या मागं भिंतीसाठी आणलेल्या राखेच्या विटा पाह्यल्या, त्या करड्या, ज्या आता आपल्याकडं सगळ्या घरायले लागतात. जॅकनं गाडी उचलली, चाक काढून भिंतीले टेकवलं, एक्सलखाली विटांचा सुबक चौथरा रचला अन् जॅक सोडला. मी खिडकीतून पाहून राहिलो होतो. तो खाली झोपणार तेवढ्यात घरमालक फाटकातून आला.

ओरडला नाही. सावकाश आत आला, स्वयंपाकघरातून कोहळं आणलं अन् जावयाच्या पायाशी ठेवलं.

"दामादजी, पहले ये जाएगा।"

"पापाजी, पूरा मकान इसी ईंट पे खड़ा है!"

"मकान पूरी ईंट पे खड़ा है। आपकी गाड़ी एक कोने पे खड़ी है।"

जावई हसला. म्हाताऱ्याचं मन राखाचं म्हणून कोहळं खाली सरकवलं. घरमालकानं धोतर सावरलं अन् कंबर मारली. पहिल्या धक्क्याले काही नाही. जावई म्हणे, "देखा?" त्यानं दुसरी मारली.

फटाका फुटावा असा आवाज झाला. वीट तडकली नाही, तिचा भुगा झाला. गाडी खाली बसली अन् कोहळं कुठं गेलं ते दिसलंच नाही, फक्त बिया अन् पाणी चारीकडं उडालं. जावयाच्या पांढऱ्या पँटवर पिवळं पिवळं. तो जिथं होता तिथंच मटकन बसला. घरमालक त्याच्या बाजूले जाऊन बसला, त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् म्हणे, "एक कोहळा होता."

मी खोलीत हसलो. तिच्यानंतर पहिल्यांदा हसलो अन् मलेच माझा आवाज ओळखू आला नाही. तो आवाज खिडकीबाहेर गेला असावा, कारण घरमालकानं मान वळवून पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात पान्याची पेटी घेऊन हजर. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरनं वाकाले, झोपून काम कराले मना केलं होतं. ब्रेकच्या त्या अर्ध्या कामातला नळीचा एक नट तेवढा कसायचा राहिला होता, त्यातून तेल गळे. म्हणे, "भाऊ, मी बाहेर बसतो. तुम्ही खाली जाता का?"

"मले काय बाबूजी," मी म्हटलं. "जातो. दबलो तर दबलो. कोन रडनार हाय?"

त्यानं हातातला पाना परत पेटीत ठेवला. "मग नाही."

"काहून?"

"ज्याला बाहेर यायचं आहे त्यालाच मी खाली जाऊ देतो. नियम आहे."

"हा नियम कधी काढला?"

"आत्ता."

मले संताप आला. मी म्हटलं, दसरा येऊन राहिला, पोरगी भंगारवाल्याले बोलावणार, अन् तुमी नियम काढता! तो म्हणे, भंगारात गेली तर गेली. "बाहेर येऊन काय करणार ते सांगा. मग पाना."

"काई नाई करनार."

"मग पाना नाही."

दोन-तीन रोज असंच चाललं. तो पेटी घेऊन येई, विचारे, परत जाई. म्हाताऱ्यानं गाडी पणाले लावली होती माझ्यासाठी, अन् मी असा आडमुठा की मले त्याचा रागच येत होता. शेवटी एका सकाळी मी ओरडलो, "अंघोळ करीन! दाढी करीन! अन् तुमच्या घरी येऊन तुमच्या हातची बेचव भाजी खाईन, अन् तोंडावर सांगीन का बेचव हाय!"

तो समाधानानं मान हलवून म्हणे, "हं. आता माणसासारखं झालं. चला."

फळी, दगड, जॅक, घोड्या, ठोकळे, चाक आडवं, कंबर, कोहळं, चहा. सगळं रीतसर. मंग मी गेलो. जन्मभर लोखंडाजवळ राहिलो, पण ते लाल, तापलेलं. हे थंड होतं. वर गाडीचं काळं पोट, खाली ओला मुरुम, तेलाचा वास. नट सापडला, पाना बसला. मी थोडा थांबलो. बरं वाटत होतं तिथं, कोणी पाहत नव्हतं.

बाहेरून आवाज आला. इतकी वर्सं तो आतून उत्तर देत आला होता, हाक कशी माराची हे त्याले कुठं माहीत? त्याले एकच हाक पाठ होती. ती त्यानं जशीच्या तशी मारली, तिच्याच सुरात:

"भाऊजी, जित्ते हाव का?"

मी त्याचा भाऊजी! आधी मले हसू आलं. मंग रडू आलं. गाडीखाली रडाले अडचण होते, कुशीवर होता येत नाही, पाणी कानात जाते. मी काही बोललो नाही, बोलता येईना. बाहेर त्याची धांदल उडाली. साऱ्या पाऱ्याले हाका घातल्या, अन् मी "हव" म्हणेपर्यंत माझे दोन्ही पाय धरून मले ओढून राहिला होता. डॉक्टरनं वाकाले मना केलेला माणूस! पाठ खरचटली माझी. नट मात्र मी तेवढ्यात कसला होता.

भाजी बेचवच होती. मी सांगतलं. तो म्हणे, "फायलीत नोंदवतो."

आता गुडघे गेले म्हणून तो आपल्याच मनानं पोरीकडं राहते. पोरीनं शब्द पाळला, गाडी इथं अंगणात माझ्या राखणीत आहे. तिकडं आठवा मजला आहे अन् लिफ्ट आहे. पहिल्या दिवशी त्यानं लिफ्टवाल्याले विचारलं, "दोर तर आहे. दोर तुटल्यावर काय आहे?" लिफ्टवाला नवा पोट्टा, त्याले उत्तर आलं नाही, तर हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेला अन् उत्तर मिळेपर्यंत बसून राहिला. तिथंही लोक त्याले आता ओळखतात.

दसऱ्याची गोष्ट राहिली.

पहाटे निघालो. तो चालवून राहिला, मी बाजूले, मागची सीट रिकामी. बैलगाडीच्या चालीनं गाडी, मागून ट्रकवाले शिव्या घालून पुढं जात. निळे झेंडे लावलेल्या बसा अन् जीपा जात, आतले लोक हात काढून "जय भीम" म्हणत. हा दोन्ही हात स्टिअरिंगवरून न काढता तोंडानंच उत्तर देई, प्रत्येकाले. मी मागं वळून पाहत नव्हतो.

देवरी सोडल्यावर रस्त्याच्या कडेले एक म्हातारी पांढऱ्या लुगड्यात उभी. तिची जीप भरली म्हणून सोडून गेली होती. त्यानं मले विचारलंही नाही, गाडी उभी केली. "बाई, नागपूर? बसा."

ती दार उघडून बरोबर खिडकीजवळ बसली. माझ्या गळ्यापर्यंत शब्द आला का तिथून उठा. त्यानं आरशातून सांगतलं, "बाई, वरचं हँडल धरून बसा."

"काहून, गाडी उडते का तुमची?" ती म्हणे. मंग मले म्हणे, "बाबू, तुमची बाई नाई आली?"

सहा महिने मी लोकायले नुसती मान हलवून उत्तर देत होतो. "मेली," मी म्हटलं. "उन्हाळ्यात."

ती अरेरे म्हणाली नाही. नाव विचारलं. मी सांगतलं.

"यायची होती का नागपूरले?"

"यायचीच होती. याच गाडीत. तुमी बसल्या न, तिथंच."

म्हातारी खिडकीपासून सरकली. पिशवी मांडीवर घेतली, अंग चोरलं अन् जागा केली. तशीच बसून राहिली, अर्ध्या सीटवर. थोड्या वेळानं पिशवीतून फडकं काढून सोडलं, ज्वारीच्या भाकरी अन् ठेचा. एक माझ्या हातावर ठेवली, मंग तिच्यावर दुसरी ठेवली. "हे तिच्या वाटची. खा."

घरमालकानं गाडी कडुनिंबाखाली घेतली अन् बंद केली. "चालत्या गाडीत घास..."

"माहीत हाय," मी म्हटलं.

"मला?" त्यानं मागं वळून विचारलं.

"तुमी डायवर," म्हातारी म्हणे. "तुमाले अर्धी. झोप लागंन."

भाकर थंडी होती. ठेचा असा की कानातून धूर निघावा. मी माझ्या वाटची खाल्ली, तिच्या वाटची खाल्ली, अन् बाबूजीच्या अर्ध्या भाकरीकडं पाहून राहिलो, तर तो माझ्याकडं पाठ करून घाईघाईनं खाऊन राहिला होता.